मोहरील सॅलड

नागपुरात मे महिन्याच्या दुपारी माणूस झोपत नाही, झोपच त्याला आडवं पाडते. सुलभा वैरागडे कूलरसमोरच्या दिवाणावर पडली आहे. डोळे मिटलेत, पण मनातल्या मनात तोंडाचा पट्टा चालूच आहे. साडेसहाला कॉलनीचा उन्हाळी मेळावा. ओट्यावर तिनं सगळं मांडून ठेवलंय: शिंपल्यांच्या आकाराच्या पास्त्याची चार पाकिटं, फडक्यात टांगून घट्ट केलेला चक्का, साय, काकड्या, एक कैरी, मोहरीची पूड. आणि साखरेच्या डब्याखाली दाबलेला एक जुना कागद.

कागदावरचं अक्षर निमाचं आहे. निमा म्हणजे समोरच्या घरची निर्मला मोहरील, सुलभाची तीस वर्षांची मैत्रीण. ती जानेवारीत गेली. तिचं थंड पास्ता सॅलड हे मेळाव्याचं दैवत होतं. बाहेर बेचाळीस-चव्वेचाळीसचा पारा, आणि तिच्या काचेच्या मोठ्या भांड्यातून ते पांढरं, मऊ, गारेगार सॅलड ताटात पडलं की माणसं गप्प होऊन खायची. प्रत्येक पदार्थापुढे ज्या घरचा असेल त्या आडनावाची चिठ्ठी लावायची कॉलनीची रीत आहे, त्यामुळे त्याचं नावच पडलं मोहरील सॅलड.

अकरा वर्षांपूर्वी निमा ऐन मेळाव्याला मुलाकडे पुण्याला गेली आणि जाताना कृती लिहून सुलभाच्या हातात देऊन गेली. सुलभानं अक्षर न् अक्षर पाळलं. संध्याकाळी पहिल्या माणसानं डाव घातला आणि डाव भांड्यात तसाच उभा राहिला. शिंपले कडक, एकमेकांना चिकटलेले, तळाशी काकडीचं पाणी. रांगेतून कोणीतरी म्हणालं, वैरागडे वहिनींनी डिंकाचे लाडू केले, तेही फ्रीजमधले. मंडप हसला. त्या दिवसापासून सुलभा डिंककाकू झाली. कॉलनीतल्या नव्या सुनांना तिचं खरं नाव ठाऊकही नाही.

मार्चमध्ये निमाची सून केतकी घर आवरायला आली. सासूची पाककृतींची वही तिनं सुलभाला दिली. आईंची आठवण म्हणून ठेवा, म्हणाली. सुलभानं डोळे पुसत पुसत ती उघडली, आणि डोळे तिथेच कोरडे झाले. वहीत लिहिलं होतं, पास्ता अकरा मिनिटं शिजवा, गार झाल्यावर तो कडक होतो. कागदावर होतं, सहा मिनिटं. वहीत, काकडीला मीठ लावून पिळून घ्या. कागदावर, काकडी चिरून टाका. वहीत, अर्धा चक्का आधी मुरवा, अर्धा वाढताना घाला. कागदावर, सगळा एकदम. एक चूक झाली तर तो विसरभोळेपणा. तीन झाल्या तर तो बेत.

म्हणून आज सुलभाचाही बेत आहे. यंदाचा मेळावा निमाच्या स्मरणार्थ आहे, केतकी मुद्दाम येते आहे. मेळाव्याची सगळी सूत्रं वंदना भोयरच्या हातात. ती म्हणाली होती, "काकू, मोहरील सॅलड तुम्हीच करा. या वेळी जरा जपून." त्या ‘जरा जपून’नं सुलभाच्या मस्तकाची शीर उठली. ती जपूनच करणार आहे. कागदाबरहुकूम, सहा मिनिटं. सगळ्यांच्या दाताखाली तो डिंक गेला की ती माइक घेणार, आधी कागद वाचणार आणि मग वही. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. पण मेलेल्या माणसानं जिवंतपणी काय काय करावं, त्याला काही मर्यादा?

कूलर पाणी ओढतो, थांबतो, पुन्हा ओढतो. वाळ्याचा वास गडद होतो. पुढच्या खोलीत तिचे यजमान मधुकरराव पेपर चेहऱ्यावर घेऊन घोरताहेत. ते घोरणं लांब जातं, समोरच्या घराइतकं लांब. मग स्वयंपाकघरात कोणीतरी लायटर ओढतं.

सुलभा उठते. तिचे पाय जमिनीला लागत नाहीत, पण तिला त्याचं काही वाटत नाही. ओट्याशी निमा उभी आहे. अंगावर मेळाव्यातली अबोली साडी. आजारात गेलेले केस पुन्हा आलेत, चांगले दाट, आणि तिनं त्यांचा सैल अंबाडा घातलाय.

"एवढ्याशा पातेल्यात शिजवून राहिली तू?" निमा म्हणते. "चार पाकिटं आहेत नं. गुदमरतील शिंपले."

"तू मेली आहेस," सुलभा म्हणते.

"हो नं. म्हणून तर वेळ आहे."

सुलभा साखरेचा डबा उचलते आणि कागद तिच्यापुढे धरते. "हे कोणाचं अक्षर आहे?"

"माझंच. शाळेत पहिला नंबर यायचा शुद्धलेखनात."

"मुद्दाम लिहिलंस?"

"सहा आणि अकरा यांच्यात चुकून गोंधळ होतो का कोणाचा?" निमा काकडी हातात घेऊन वासानं कडू आहे का पाहते. चेहऱ्यावर शरमेचा लवलेश नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तो हा असा.

सुलभाला वाटलं होतं ती रडेल, पाया पडेल, निदान खाली पाहील. तेवढ्यासाठी तर सुलभा दोन महिने धगधगते आहे. तिला निमाच्या थोबाडीत मारावीशी वाटते. ती हात उगारते तर हातात डाव आहे, पायाखाली गवत आहे आणि डोक्यावर मंडपाचं लाल-पांढरं कापड. तो जुना मेळावा आहे. रांग थेट फाटकापर्यंत गेलेली. प्रत्येकानं ताट पुढे केलंय आणि कोणीच हसत नाही, नुसती ताटं पुढे येताहेत. डाव भांड्यात उभा आहे.

"असं झालं होतं तर," निमा म्हणते. ती भांड्याभोवती एक फेरी मारते. "मी पुण्याला होते. नुसतं फोनवर ऐकलं." ती वाकून जवळून पाहते. "अगदी विटेसारखं गं. मला वाटलं होतं त्यापेक्षाही छान बसलंय."

"तुला गंमत वाटते?"

"खोटं कशाला बोलू आता? फोन ठेवला आणि त्या रात्री पुण्यात मी दोनदा जेवले."

"अकरा वर्षं मला डिंककाकू म्हणतात."

"माहीत आहे. मीपण दोन-तीनदा म्हटलं. तू नसताना."

सुलभाचे कान तापतात. याच बाईच्या केमोच्या दिवसांत तिनं रोज सकाळी पेज नेली होती. याच बाईचं डोकं मांडीवर घेऊन ती बसली होती. कुरकुर न करता सगळं केलं, आणि ही मांडीवर पडल्या पडल्यासुद्धा बोलली नाही.

"आज वाचणार आहे मी," ती म्हणते. "माइकवर. तुझ्या सुनेसमोर. आधी हा कागद आणि मग वही. तुझं नाव कॉलनीत कोणी काढणार नाही पुन्हा."

"वाच. मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही."

"खरंच वाचणार आहे."

"मी कुठं नको म्हणते? वाचच तू." निमा लगबगीनं माइक आणते, पदरानं पुसते, सुलभाच्या तोंडाच्या उंचीला लावून देते. "सहा मिनिटंच शिजव हं. साडेपाच मिनिटांतच काढलास तर आणखी बरं. आणि आवाज खणखणीत काढ, मागच्यांना ऐकू जात नाही."

सुलभा थांबते. बाईची उठाठेव तिला चांगली ओळखीची आहे. भाजीवाल्याला परत पाठवायचं असलं की निमा अशीच गोड बोलायची, टोपली उचलून डोक्यावर द्यायला स्वतः हात लावायची.

ती माइकला बोट लावते. आतून तिचा आवाज येत नाही, वंदनाचा येतो. थकलेला, भारावलेला. पाहा नं, वंदना सांगते आहे, निमाकाकूंनी शेवटपर्यंत कोणाला खरी कृती दिली नाही. काय बाई होती. तो हातच वेगळा होता. आज डिंककाकूंनी पुन्हा करून पाहिलं, पण मोहरील सॅलड काकूंबरोबरच गेलं. मग टाळ्या. केतकी रुमालानं डोळे टिपते. रांगेतले सगळे कडक शिंपले चावत मान हलवतात आणि म्हणतात, अशी चव पुन्हा होणे नाही.

निमा मान किंचित तिरकी करून ऐकते आहे. आरती ऐकावी तसं.

"म्हणून," सुलभा म्हणते.

"म्हणून काय?"

"म्हणून तुला हवंय मी वाचावं. माझं सॅलड आज पुन्हा बिघडलं की तुझं नाव अमर. तुझा खोटेपणासुद्धा तुझी थोरवी होणार."

निमा मंडपाचा खांब धरते. खांब तापलेला आहे, कारण तो खांब नाही, गच्चीवरच्या टाकीचा पाइप आहे. मंडपाच्या कापडाची खाली पसरलेली पांढरी धोतरं आणि जुनी लुगडी झालीत, आणि त्यांच्यावर ओळीनं वाळत घातलेले सरगुंडे. कणकेचे, काडीवर वळून हळूच ओढून काढलेले, बोटभर लांब, आतून पोकळ. सुलभाची जुनी गच्ची. दोघी तिशीच्या आहेत. डोक्यावर ओला पंचा, बोटांना पीठ.

"इथं नको येऊस," निमा म्हणते.

"का?"

"ऊन फार आहे."

"तुला आता कसलं ऊन?"

सुलभा पाहते. सावलीत एका पातेलीत शिजवलेले सरगुंडे उरलेत. आमरस संपलाय आणि ते गार पडलेत. तिथे बसलेली तरुण सुलभा म्हणते आहे, फेकायचे कशाला? ती वाटीतला चक्का त्यात घालते, साय घालते, मोहरी फेटते, काकडी किसते आणि मुठीत धरून करकचून पिळते. चव घेते. अर्धा चक्का नंतर घालू, म्हणते, हे सगळं पिऊन टाकतात गं. शेजारी तरुण निमा वाटी पुढे करते. खाते. आणखी मागते. तिसऱ्यांदा मागते. मग पातेली निपटताना विचारते, मोहरी किती घातली होतीस?

सुलभाला हे आठवत नव्हतं. हातासरशी केलेल्या अशा शंभर गोष्टी असतात, कोण लक्षात ठेवतं? पुढच्या उन्हाळ्यात निमानं मेळाव्याला दुकानातले शिंपले घालून काचेच्या भांड्यात थंड सॅलड आणलं, आणि सुलभा बोटं चाटत म्हणाली, निमा, हे कुठे शिकलीस गं?

"तू विसरली होतीस," निमा म्हणते. "पहिल्या वर्षी मी वाट पाहिली. ताट हातात घेऊन तू समोर आलीस. आता ओळखेल, म्हटलं. तू ओळखलंच नाहीस. मग सगळे म्हणायला लागले मोहरील, मोहरील. मग कसं सांगू?"

"आणि मी कृती मागितली तेव्हा?"

"तू केलं असतंस तर माझ्यापेक्षा चांगलं झालं असतं. एका घासात कळलं असतं कोणाचं आहे ते. तुझा हात माझ्याहून चांगला आहे, सुलू. आधीपासूनच. मला त्याचा फार राग यायचा."

अकरा वर्षं जे ऐकायचं होतं ते ऐकून सुलभाला आनंद व्हायला हवा. होतोही, थोडा. पण त्याच्या मागून जो राग वर येतो तो आधीच्यापेक्षा मोठा आहे. नाव खराब झालं ते झालंच. हिनं पदार्थच नेला. आयत्या बिळावर नागोबा होऊन बसली, आणि बिळाच्या मालकिणीला तिथलीच माती चारली.

ती गच्चीचा जिना उतरते आणि निमाच्या स्वयंपाकघरात पोचते. भिंतीवरची कॅलेंडरं काढलेली आहेत, त्यांच्या जागी पांढरे चौकोन. सगळीकडे चिकटपट्टी लावलेली खोकी. ओट्यावर फक्त गॅस आहे, आणि त्यावर मोठं पातेलं, त्यात पाणी खळखळतंय. सुलभा चारही पाकिटं फोडून ओतते. शिंपले बुडतात आणि वर येतात. भिंतीवर घड्याळ नाही, पण तिला मिनिटं कळताहेत, दाराशी एकेक माणूस येऊन उभा राहावा तशी.

"काय करून राहिली?"

"सॅलड."

"कागदाप्रमाणे नं?"

"नाही. माझ्या पद्धतीनं. आणि चिठ्ठीवर वैरागडे लिहायचं."

निमाचा चेहरा पहिल्यांदाच उतरतो. पाच मिनिटं झालीत. सहावं होतं तशी ती पुढे येते आणि गॅसच्या बटणाला हात घालते. सुलभा तिचं मनगट धरते. मनगट आजारातल्यासारखं आहे, बांगडीसुद्धा न राहणारं.

"सोड. झालं शिजून."

"सहाच झालीत."

"सुलू, ऐक. माइकवर वाच. मला खोटारडी म्हण, चोर म्हण, काय वाट्टेल ते म्हण. सगळं म्हण, पण ती चिठ्ठी राहू दे." निमा बोलता बोलता धापा टाकते. "हे घर विकून राहिले ते. भांडी भंगारात गेली. मुलाच्या घरात माझा एक फोटो आहे, तोही जिन्याखाली. वर्षातून एक संध्याकाळ कोणीतरी माझं आडनाव घेतं आणि म्हणतं, थोडं आणखी वाढा. तेवढंच उरलंय गं."

सुलभाला तिची दया येते. खरोखर येते. निमा गेल्यापासून समोरचं दार बंद आहे, आणि संध्याकाळी चहाचा कप घेऊन फाटकाशी उभं राहिलं की बोलायला कोणी नसतं. कॉलनीत एवढी माणसं आहेत, पण भांडायच्या लायकीची ही एकच होती. सुलभाला तिची आठवण येते आणि तिचा संताप येतो, दोन्ही सारखेच, आणि त्यातलं कोणतंच कमी होत नाही.

"मला काय उरलंय?" ती विचारते. "डिंककाकू?"

"ते माणसं विसरतील."

"आणि सॅलड विसरणार नाहीत? मग त्यावरचं नाव माझं. डिंककाकू तू ठेव."

सातवं मिनिट. निमा दुसऱ्या हातानं बटण धरते आणि उलटं फिरवते. ज्योत बसते. सुलभा पुन्हा फिरवते. ज्योत उठते. दोघी साठीच्या बायका, एक मेलेली आणि एक जिवंत, एका गॅसच्या बटणावर चार हातांनी लटकल्या आहेत. आठ. निमा नखं लावते. नऊ. सुलभाची बोटं तिच्या बोटांखाली चेंगरतात, वाफ तोंडावर येते, बटण तापतं, तरी ती सोडत नाही. दहाव्याला ती सगळा जोर लावून ओढते. कट्ट आवाज होतो आणि बटण उपटून तिच्या मुठीत येतं. ज्योत तशीच जळत राहते. बंद करायला आता काही नाही.

निमा उघड्या दांडीकडे पाहत राहते. मग हात मागे घेते, पदराला पुसते.

"अकरा," सुलभा म्हणते.

"मीठ घातलंस पाण्यात?" निमा विचारते. आवाज अगदी साधा, फाटकाशी विचारायची तसा.

"घातलं."

"मग होईल चांगलं," ती म्हणते, आणि जळजळीत नजरेनं सुलभाकडे पाहते. "तुझं होईलच."

खोकी फिकट होतात. कूलर पाणी ओढतो.

सुलभा दिवाणावर उताणी आहे. मान घामानं ओली, तोंड कोरडं. पुढच्या खोलीत पेपर सळसळतो आणि मधुकरराव जांभई देतात. घड्याळात साडेतीन. तिची उजवी मूठ आवळलेली आहे, इतकी की बोटं एकेक करून सोडवावी लागतात. आत गॅसचं काळं बटण आहे.

ती ते उलटसुलट करून पाहते. आपल्याच गॅसचं आहे, कडेचा टवका तोच. स्वयंपाकघरात जाऊन बघते तर डाव्या बर्नरची दांडी उघडी आहे. गॅस पेटलेला नाही, पातेलं कोरडं आहे, चारही पाकिटं बंद आहेत. पण बटण तापलेलं आहे, गालाला लावलं तर चटका बसावा इतकं. ती झोपेत उठून इथवर आली असेल, असं कोणालाही वाटेल. तिलाही तसंच वाटून घ्यायचं आहे.

फोन वाजतो. वंदना.

"काकू, चिठ्ठ्या लिहून राहिले मी. मोहरील सॅलड, असंच लिहिलं हं. झालं का तुमचं?"

"आता लावते. वंदना, ती चिठ्ठी फाड."

"म्हणजे?"

"वैरागडे सॅलड लिही."

"पण काकू, कार्यक्रम निमाकाकूंच्या स्मरणार्थ आहे. केतकीला काय वाटेल?"

"निमासाठी आपण दोन मिनिटं उभं राहू. मी सगळ्यांत पुढे उभी राहीन, आणि रडेनही. सॅलड माझं आहे. माझ्या गच्चीवर झालं होतं पहिल्यांदा."

"बरं," वंदना म्हणते. ती काय समजायचं ते समजते. "नवी चिठ्ठी करते. केवढ्या अक्षरात लिहू?"

सुलभा बटण दांडीवर बसवते आणि तळहातानं आत दाबते. खिडकीतून समोरच्या घराचं बंद दार दिसतं.

"मोठ्या," ती म्हणते. "लांबून वाचता आलं पाहिजे."